माळ्यावरचे डबे: दिग्दर्शक आई-वडिलांचं काम जपायचं कसं

अण्णांच्या, म्हणजे माझ्या दिग्दर्शक वडिलांच्या, फिल्मचे डबे आमच्या कोल्हापूरच्या घरात माळ्यावर असायचे. वर पत्रा, शेजारी पाण्याची टाकी. उन्हाळ्यात तिथे पाच मिनिटं उभं राहवत नसे आणि पावसाळ्यात भिंतींना ओल यायची. अण्णा गेले, दिवसकार्य आटोपलं आणि आम्ही भावंडं वर चढलो. सदतीस डबे निघाले. पहिल्या डब्याचं गंजलेलं झाकण उचकटलं, तसा व्हिनेगरचा झणझणीत वास नाकात गेला. दादा म्हणाला, “अण्णांनी किती जीव लावून सांभाळलंय गं हे सगळं!” मलाही त्या वेळी तसंच वाटलं. तो वास फिल्म मरत असल्याचा होता, हे कळायला पुढे दोन महिने गेले.

घरात ठेवणं आणि जपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी फार उशिरा शिकले. ज्यांच्या आईने किंवा वडिलांनी चित्रपट केले, माहितीपट केले आणि आता ते डबे, वह्या, कॅसेटी तुमच्या ताब्यात आल्या आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी ज्या क्रमाने केलं त्या क्रमाने नाही, ज्या क्रमाने करायला हवं होतं त्या क्रमाने.

आधी हात आवरा

पहिल्या महिन्यात घर आवरण्याची घाई असते. त्या घाईत काहीही रद्दीत देऊ नका. जुन्या काळी कितीतरी मूकपट आणि बोलपट फिल्ममधली चांदी काढण्यासाठी वितळवले गेले. भंगारवाल्याला आजही डब्याचा पत्रा दिसतो, आतला सिनेमा दिसत नाही.

रीळ प्रोजेक्टरवर चढवून “बघू तरी काय आहे” हा मोह टाळा. जुनी फिल्म आकसलेली असते, तिची छिद्रं यंत्राच्या दात्यांत बसत नाहीत आणि एका मिनिटात ती फाटत जाते. ओल्या फडक्याने पुसू नका, उन्हात वाळवू नका. चिकटलेलं रीळ ओढून सोडवू नका. फिल्मच्या कपाटात डांबरगोळ्याही ठेवू नका. डबे उघडायचे ते खिडक्या उघड्या ठेवून, हातमोजे आणि मास्क घालून. मी पहिल्या दिवशी यातलं काहीच पाळलं नाही आणि संध्याकाळभर घसा धरला होता.

एवढं मात्र लगेच करा: डबे माळ्यावरून खाली आणा. घरातली सर्वांत थंड, कोरडी, आतली खोली निवडा. बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, जमिनीवर थेट ठेवू नका, डबे आडवे ठेवा. रात्री एसी लावायचा आणि सकाळी बंद करायचा, असं करू नका. तापमान सारखं खाली-वर झालं की आत दमट होतं. वास येणारे डबे बाकीच्यांपासून वेगळे ठेवा, कारण एका डब्यातली आम्लाची वाफ शेजारच्या चांगल्या रिळालाही लागते.

फिल्म कशाची आहे ते ओळखा

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ३५ मिमी फिल्म बहुतेक नायट्रेटची असे. नायट्रेट भयंकर पेटतं. जळताना ते स्वतःच ऑक्सिजन तयार करतं, म्हणून पाण्याखालीही विझत नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि जुन्या मराठी-हिंदी चित्रपटांची रिळं राख झाली. तुमच्या आई-वडिलांचं किंवा आजोबांचं काम त्या काळातलं असेल, तर फिल्मच्या काठावर इंग्रजीत ‘नायट्रेट’ की ‘सेफ्टी’ छापलंय ते पाहा. नायट्रेट असेल किंवा शंका असेल, तर तो डबा घरात ठेवू नका, कुरियरने पाठवू नका. आधी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट अभिलेखागाराला फोन करा. १६ आणि ८ मिमी फिल्म मात्र जवळजवळ नेहमीच सेफ्टी, म्हणजे सहज न पेटणारी असते.

त्यानंतरची फिल्म बहुतेक अ‍ॅसिटेटची. ती तशी भडकून पेटत नाही, पण सडते. उष्णता आणि दमटपणा मिळाला की तिच्यातून अ‍ॅसेटिक आम्ल सुटतं आणि तेच आम्ल पुढची सडण्याची क्रिया वेगाने चालवतं. त्यालाच व्हिनेगर सिंड्रोम म्हणतात. एकदा सुरू झालं की परत फिरवता येत नाही. थंड आणि कोरड्या जागी नेऊन फक्त संथ करता येतं. ए-डी स्ट्रिप नावाच्या कागदी पट्ट्या मिळतात. डब्यात ठेवल्या की आम्लाच्या प्रमाणानुसार निळ्याच्या हिरव्या आणि पुढे पिवळ्या होतात. कोणता डबा आधी वाचवायचा, हे त्यावरून ठरवता येतं.

सर्वांत आधी पाहायची ती मॅग्नेटिक साउंडची रिळं, म्हणजे तपकिरी लेपाची, छिद्रं असलेली ध्वनिपट्टी. त्या लेपातल्या लोहामुळे सडणं जास्त वेगाने होतं. आमच्याकडे पार्श्वसंगीताची अशी चार रिळं होती. तीन हाताला लागली तेव्हा भुगा झालेली होती.

यू-मॅटिक, बीटाकॅम, व्हीएचएस, पाव इंची स्पूल, मिनी-डीव्ही यांचा प्रश्न वेगळा आहे. टेप कदाचित धड असेल, पण ती वाजवणारं चालू यंत्र दिवसेंदिवस दुर्मीळ होत चाललंय. फिल्म नीट ठेवली तर थोडी वाट पाहते. टेप पाहत नाही. पैसे कमी असतील तर टेप आधी डिजिटल करून घ्या.

यादी, आणि फक्त यादी

हे सगळ्यात कंटाळवाणं काम आणि सगळ्यात मोलाचं. डिजिटल करायच्या आधी यादी. कोणालाही डबा देण्याच्या आधी यादी.

प्रत्येक डब्याला क्रमांक द्या. झाकणाचा फोटो, आतल्या चिठ्ठीचा फोटो, फिल्मच्या सुरुवातीच्या दोन-चार फुटांचा फोटो काढा. मग रकाने भरा: क्रमांक, डब्यावर जे लिहिलंय ते अक्षरशः, ३५ की १६ मिमी, रंगीत की कृष्णधवल, लांबी, गंज, वास, आत काय आहे. शेवटचा रकाना भरताना हे शब्द कळायला हवेत. पिक्चर निगेटिव्ह म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेली, संकलित मूळ. साउंड निगेटिव्हवर फक्त आवाजाची रेघ दिसते. मॅरिड प्रिंटवर चित्र आणि आवाज दोन्ही असतात. ड्यूप निगेटिव्ह म्हणजे मूळ निगेटिव्हची नक्कल. यांतलं मौल्यवान काय, याचा क्रम घरच्यांच्या मनात हमखास उलटा असतो. प्रिंट हातात धरली की चेहरे ओळखू येतात म्हणून ती प्रिय वाटते, आणि उलट्या रंगांची निगेटिव्ह कोपऱ्यात पडून राहते.

लांबीचा हिशेब सोपा आहे. ३५ मिमीची १००० फूट फिल्म म्हणजे साधारण ११ मिनिटं. १६ मिमीची ४०० फूटही तितकीच. अण्णांच्या पहिल्या चित्रपटाच्या सेन्सॉर प्रमाणपत्रावर चौदा रिळं लिहिली होती. घरात पिक्चर निगेटिव्हचे चौदा डबे मिळाले आणि साउंडचे तेरा. नववं नव्हतं. यादी केली नसती, तर हे स्कॅनिंगच्या टेबलावर कळलं असतं.

सेन्सॉर प्रमाणपत्र हरवलं असेल तर त्याची माहिती नक्की मिळवा. त्यावर लांबी, रिळांची संख्या आणि अर्जदार निर्मात्याचं नाव असतं. घराबाहेर काय आहे, हा शोधही इथूनच सुरू होतो, कारण मूळ निगेटिव्ह बहुतेकदा घरी नसतेच. ती लॅबमध्ये असते. मुंबईतल्या लॅब डिजिटलच्या लाटेत एकामागून एक बंद झाल्या आणि त्यांच्या कोठारांतले डबे कुठे-कुठे गेले. निर्मात्याने लॅबचं बिल थकवलं असेल, तर निगेटिव्ह अडवून ठेवलेली असू शकते. राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला चित्रपट असेल तर पुण्याच्या अभिलेखागारात प्रिंट असण्याची शक्यता चांगली. माहितीपट फिल्म्स डिव्हिजनसाठी केले असतील तर ते सरकारच्या ताब्यात असणार. दूरदर्शन, वितरक, फिल्म सोसायट्या, कॉलेजं, सगळीकडे पत्र पाठवा. पत्रात चित्रपटाचं नाव, साल, रिळांची संख्या आणि तुम्ही कोण एवढं पुरे.

माणसं फिल्मपेक्षा आधी जातात

हे मी पहिल्या पायरीवर लिहायला हवं होतं. डबा थंड खोलीत वर्षभर थांबेल. चौऱ्याऐंशी वर्षांचे सहायक दिग्दर्शक थांबतीलच असं नाही.

संकलक, ध्वनिमुद्रक, कॅमेरामनचे सहायक, कंटिन्युइटी लिहिणाऱ्या बाई, प्रॉडक्शन सांभाळणारे काका, हयात असलेल्या प्रत्येकाला भेटा. “बाबांबद्दल सांगा” असं विचारलंत तर हार-तुऱ्यांची भाषा ऐकायला मिळते. त्याऐवजी एक फोटो हातात द्या आणि विचारा, “काका, यात डावीकडून तिसरे कोण? हे कुठलं लोकेशन? त्या दिवशी पाऊस होता का?” माणूस तपशिलातून मोकळा होतो. फोन टेबलावर ठेवून आवाज मुद्रित करा. आधी परवानगी घ्या, सुरुवातीला तारीख आणि नाव बोला. फोटोच्या मागे बॉलपेनने काही लिहू नका. क्रमांक टाका तो मऊ पेन्सिलने, कडेला.

अण्णांच्या सहायकांकडे मी सेटवरचे फोटो घेऊन गेले होते. नवव्या रिळाची गोष्ट माझ्या मनातही नव्हती. बोलता बोलता ते म्हणाले, “तुझ्या वडिलांनी एक प्रिंट कॉलेजच्या पोरांना दिली होती, ऐंशी साली. परत मागायला संकोच करत होते.” त्या कॉलेजच्या ग्रंथालयात जिन्याखाली एक लोखंडी ट्रंक होती. आत मॅरिड प्रिंट. ओरखडे भरपूर, रंग उडून गुलाबी झालेला, पण नऊ नंबरचं रीळ होतं आणि त्याला आवाज होता.

हक्क कोणाचे, हे कागदावर आणा

भावनेने आपण म्हणतो, बाबांचा सिनेमा. कायद्याने तो बाबांचा नसतो, निर्मात्याचा असतो. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता. त्याचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. १९७५ मध्ये प्रदर्शित झालेल्या चित्रपटाचा हक्क २०३५ अखेर संपेल. १९६५ चा असेल तर २०२५ अखेर संपला. कथा, पटकथा, संवाद, गीतं यांचे हक्क वेगळे. त्यांची मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. वडील दिग्दर्शकच नव्हे तर पटकथाकारही असतील, तर तो धागा तुमच्या हातात राहतो. तो कराराने कोणाला दिला होता का, हे मात्र तपासावं लागतं.

प्रत्येक चित्रपटासाठी एक पान करा. निर्माता कोण, आज त्याचे वारस कोण, निगेटिव्ह राइट्स कोणाला विकले, गाणी कोणत्या कंपनीकडे, टीव्हीचे हक्क कधी दिले आणि किती वर्षांसाठी. करार सापडले तर स्कॅन करा, आणि वकिलाला दाखवल्याशिवाय त्यांचा अर्थ लावू नका. भावंडं असतील तर सगळ्यांच्या सह्यांचं एक पत्र आत्ताच करून घ्या, नातं गोड आहे तोवर. कोण पत्रव्यवहार करणार, निर्णय कसा होणार, पैसे आले तर कुठे जाणार. दादा आणि मी हे एका दुपारी चहा घेत लिहून काढलं. नंतर त्यावरून एकदाही वाद झाला नाही.

निर्मात्याच्या वारसांना विरोधक समजू नका. त्यांना बऱ्याचदा आपल्याकडे काय आहे हेच माहीत नसतं. तुमच्याकडे यादी आहे, त्यांच्याकडे हक्क आहेत, दोघांनी मिळूनच काम पुढे जातं.

डबे द्या

इथे सगळ्यांचा जीव अडकतो. माझाही अडकला होता.

पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट अभिलेखागार १९६४ मध्ये सुरू झालं. पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून, माळे आणि गोदामं धुंडाळून त्याचा संग्रह उभा केला. आज ती संस्था एनएफडीसीचा, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा भाग आहे. मुंबईत २०१४ पासून फिल्म हेरिटेज फाउंडेशन काम करतं. तिथे नियंत्रित तापमानाची कोठारं आहेत, फिल्म तपासणारी माणसं आहेत. रंगीत निगेटिव्हला दीर्घकाळ टिकायला शून्याच्या जवळपासचं तापमान आणि कोरडी हवा लागते. तुम्ही घरी कितीही सांभाळा, तेवढं होत नाही. घरच्या फ्रिजमध्ये डबे कोंबणं हा त्यावरचा उपाय नव्हे, आतला ओलावा उलट नुकसान करतो.

डबे ठेव म्हणून दिले म्हणजे हक्क दिले असं होत नाही. पण हे तोंडी गृहीत धरू नका, करारात वाचा. ही ठेव आहे की दान? कधी परत मागता येईल का? अभ्यासकांना दाखवायला, महोत्सवात दाखवायला तुमची परवानगी लागणार का? स्कॅन केलं तर त्याची प्रत तुम्हाला मिळणार का? आणि डब्यागणिक पावती घ्या. पूर्वी एका ओळखीच्या गृहस्थांनी “व्हीसीडी काढून देतो” म्हणून अण्णांच्या दुसऱ्या चित्रपटाची एकुलती एक प्रिंट नेली होती. पावती नव्हती. ती प्रिंट परत आली नाही.

देऊन काय होतं, याचं उदाहरण म्हणून मी बिमल रॉय यांच्या कुटुंबाकडे पाहते. ‘दो बिघा जमीन’ हा १९५३ चा चित्रपट. त्याची मूळ कॅमेरा निगेटिव्ह कुटुंबाने पुण्याच्या अभिलेखागारात ठेवली होती. ती आणि लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटमधली एक जुनी ड्यूप निगेटिव्ह, या दोन्हींच्या आधाराने चित्रपट दुरुस्त झाला आणि २०२५ मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. मूळ घरातच राहिली असती तर मुंबईच्या दमट हवेत तिचं काय झालं असतं, याचा विचार करून पाहा. श्याम बेनेगल यांच्या ‘मंथन’चंही तसंच. चित्र पुण्यातल्या निगेटिव्हवरून घेतलं आणि आवाज फिल्म हेरिटेज फाउंडेशनने जपलेल्या प्रदर्शनाच्या प्रिंटवरून. म्हणूनच ओरखडे पडलेली प्रिंट आहे म्हणून टाकून देऊ नका. आमच्या नवव्या रिळाचा आवाजही अशाच एका प्रिंटवर तगला होता.

आणि एकाच ठिकाणी सगळं नको. सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीच्या मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या लॅबच्या आगीत होरपळल्या. पुढे वाचलेले तुकडे आणि इतर देशांतल्या प्रती जुळवून ते चित्रपट पुन्हा उभे राहिले. निगेटिव्ह एका जागी, प्रिंट दुसऱ्या जागी, डिजिटल प्रती तिसऱ्या जागी ठेवा.

स्कॅन करताना

स्कॅनिंग आणि दुरुस्ती या वेगळ्या गोष्टी आहेत. आधी फिल्म तपासतात, छिद्रं आणि जोड नीट करतात, स्वच्छ करतात, मग स्कॅन. रंग, ओरखडे, थरथर यांवरचं काम त्यानंतर. पैसे एकाच कामापुरते असतील तर चांगलं स्कॅनिंग करा, दुरुस्ती दहा वर्षांनीही करता येईल. उलटं करू नका.

स्कॅनिंग करणाऱ्याकडे प्रत्येक फ्रेमची स्वतंत्र, न दाबलेली (अनकम्प्रेस्ड) फाइल मागा. फोर-के स्कॅनमध्ये एका फ्रेमची डीपीएक्स फाइल साधारण ५० एमबी भरते. दोन तासांच्या चित्रपटात १,७२,८०० फ्रेम. म्हणजे साडेआठ टेराबाइटच्या पुढे. हा आकडा ऐकून मी गप्प झाले होते, पण तो आधी कळलेला बरा. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर, एक दुसऱ्या गावात. हार्ड डिस्क कपाटात ठेवून विसरली की बंद पडते, दर सहा महिन्यांनी लावून पाहायची. दीर्घकाळासाठी एलटीओ, म्हणजे डिजिटल फाइली साठवायची चुंबकीय टेप जास्त भरवशाची. यूट्यूबवर चढवलेली प्रत दाखवण्यासाठी आहे, जपण्यासाठी नाही.

स्कॅन झालं म्हणून मूळ फिल्म टाकून द्यायची नाही, हे लिहायची गरज पडू नये. पण तशी पडलेली घरं मी पाहिली आहेत.

कागद, फोटो, वह्या

राय यांचे पुत्र संदीप राय यांना २०२० च्या टाळेबंदीत घर आवरताना वडिलांची अप्रकाशित पत्रं आणि फोटोंच्या निगेटिव्ह सापडल्या. ज्या घरात वर्षानुवर्षं जपणूक चालली आहे तिथे ही गत, तर आपल्या घरात काय-काय दडलं असेल!

पटकथेचे सगळे खर्डे ठेवा, शेवटचाच नव्हे. शॉट विभागणीच्या वह्या, खर्चाची बिलं, गाण्यांच्या चोपड्या, पोस्टर, वितरकांची पत्रं, सगळं. अण्णांच्या एका वहीत शॉटच्या समासात त्या दिवसाच्या जेवणाचा हिशेब होता आणि त्यावरून आम्हाला चित्रीकरणाची तारीख पक्की कळली. गंजलेल्या टाचण्या हळूच काढा. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबातच नको. कसर लागली असेल तर तो गठ्ठा वेगळा करा. पोस्टर घडीवर फाटतात म्हणून ती सपाट किंवा सैल गुंडाळून ठेवा.

खाजगी पत्रांचा निर्णय घरात बसून घ्या. आईने अण्णांना लिहिलेली काही पत्रं आम्ही यादीत नोंदवली, पण पंचवीस वर्षं बंद ठेवली आहेत. जाळून टाकू नका आणि घाईने छापूही नका.

दाखवा

स्कॅन झाल्यावर सगळ्यात आधी गावात दाखवा. मुंबईत १९६८ पासून चालत आलेल्या प्रभात चित्र मंडळासारख्या फिल्म सोसायट्या जुन्या चित्रपटांना प्रेमाने जागा देतात. सबटायटल्स चांगल्या माणसाकडून करून घ्या. रांगडी कोल्हापुरी बोली यंत्राच्या भाषांतरात पार मरते. शोला छापील चार पानं द्या, त्यात सगळ्या तंत्रज्ञांची नावं घाला, स्पॉटबॉयसकट.

आमच्या शोला अण्णांचे सहायक चाकाच्या खुर्चीतून आले होते. नववं रीळ सुरू झालं, आवाज थोडा खरखरला. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, “हेच.”

आता एकच काम बाकी होतं. यादीची एक छापील प्रत, पासवर्डची पाकिटं आणि करारांची फाइल मी माझ्या भाचीकडे दिली आहे. ती तेवीस वर्षांची आहे. दर सहा महिन्यांनी ती डिस्क लावून पाहते आणि रकान्यात तारीख टाकते. गेल्या खेपेला तिने एक नवी ओळ वाढवली: डबा क्रमांक अडतीस, आजीच्या कपाटात, ८ मिमी, आत काय आहे ते पाहायचं आहे.